मंगळवारचं काळं, मंगळवारचं लाल

मंगळवार, ७ जानेवारी

थप्. थप्-थप्. थप्.

पहाटे डोळे मिटलेले असतानाच ऐकू आला. आईचा भाकरी थापण्याचा आवाज. कऱ्हाडची खोली, चुलीपुढे आई, आणि उंबऱ्याशी पाचवीचं पुस्तक घेऊन मी. कविता पाठ करायची ती याच तालावर. भाकरी पसरत जाईल तसा आईचा हात हलका व्हायचा, मग मीही शेवटच्या कडव्याला आवाज बारीक करायचो. गुरुजी म्हणायचे, "म्हणतोस छान, पण शेवटी कुजबुजतोस का रे?" आता त्यांना काय सांगणार.

उठलो तर आखातातलं मनामा, गुदैबियाची खिडकी, समोरच्या गच्चीवरच्या टाक्या, आत केतकीचा मिक्सर. गुणाची सून. माझ्यासाठी चटणी वाटत होती. मन खुशीत. आज मंगळवार.

रात्री — दाऊदभाई वेळेवर आला. झिंजहून गाडी आणतो आणि पार्किंग मिळेपर्यंत सगळ्या मनामाला शिव्या घालतो. त्याने घरी सांगायचं, नानाबरोबर चालायला जातो. मी सांगायचं, दाऊदभाईबरोबर चालायला जातो. खोटं नाही अगदी. गाडीपासून दुकानापर्यंत चालतोच.

सुमती, माझी बायको, गेली त्या वर्षी मी या गल्ल्यांतून नुसता फिरायचो. एकदा मल्याळी माणसाच्या जुन्या चहाच्या दुकानाशी आलो तर तिथं नवी काच, आणि आतून तोच आवाज. थप्. एक कोरियन गृहस्थ पिठाचा दोर ओट्यावर आपटत होता. ओढायचा, आपटायचा, दुमडायचा. एकाचे दोन, दोनाचे चार, बघता बघता शेवयांची जुडी. मी रस्त्यात उभाच. शेवटी त्याच्या बायकोनं दार उघडून मला आत घेतलं. तिचे आजोबा चीनमधून कोरियात आलेले. हे खाणं त्या लोकांचं, चिनी हाताचं आणि कोरियन जिभेचं. पुढच्या मंगळवारी दा.ला घेऊन गेलो. तेव्हापासून चाललंय. देवाची कृपा, दुसरं काय.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. केतकीनं केलेला तिळगूळ खिशात घेऊन गेलो.

कोरियात गिऱ्हाइकं दुकानाच्या बाईला 'इमो' म्हणतात, म्हणजे मावशी, असं तिनंच एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून आम्ही तिला सरळ मावशी म्हणतो. ती पन्नाशीची, आम्ही सत्तरी ओलांडलेले दोन भाचे. तीही आता 'मावशी' म्हटलं की ओ देते.

मावशीनं लाडू हुंगला, डोळे मोठे केले, आणि आत जाऊन तिळाच्या तेलाची बाटली आणून माझ्या नाकाखाली धरली. दोघं हसलो. भाषेची गरजच पडली नाही.

माझं काळं: आंबवलेल्या सोयाबीनच्या काळ्या, परतलेल्या लगद्यातल्या शेवया. मी मांस-मासळी खात नाही, म्हणून माझ्यापुरतं बटाटा-कांदा घालून वेगळ्या कढईत. दा.चं लाल: तिखटजाळ रस्सा, वर शिंपले. तो त्यांना तिसऱ्याच म्हणतो. प्रत्येक शिंपला उघडताना श्रीवर्धनची खाडी एकदा मध्ये येतेच. "नाना, ही तिसरी बघ, हिला आमच्याकडे कुणी उचलणार नाही." आणि तीच चोखत बसतो.

पिवळा गोड-आंबट मुळा दोघांना. त्याला दुप्पट.

खाऊन झाल्यावर कविता. नावाड्याची, पाचवीतली. माझं पुस्तक जुन्या बाजारातलं, दुसऱ्या कडव्याचं पान अर्धं फाटलेलं. दा.च्या शाळेतही तेच पुस्तक, पण पान शाबूत. म्हणून पहिलं कडवं माझं, दुसरं त्याचं. लिहून घ्यायची परवानगी नाही. म्हणतो, "लिहून घेतलंस तर मंगळवारी येशील कशाला?"

खरं म्हणजे मला ते केव्हाच पाठ झालंय. त्याला सांगत नाही.

आज मधेच खोकला. शिवाय लाडू तीन खाल्ले. मी म्हटलं, साखर आहे ना तुला? "आज सण आहे. खलास."

रविवार, १९ जानेवारी

दा.ला ताप. फोनवर आवाज घोगरा. "मंगळवारी इंशाल्ला येईन." मागून रुकय्याभाभी: "कुठं जाणार? पडून राहा."

भाभींचं बरोबर आहे. पण त्यांना आमच्या मंगळवारातलं काहीच ठाऊक नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

एकटा गेलो. मावशीनं समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी कपाळाला हात लावून ताप दाखवला. ती चुकचुकली.

माझं काळं आलं आणि एकदम सुचलं. ताप आहे, तोंडाला चव नसेल. लाल पाठवावं! पत्ता लिहून दिला. मावशी प्लास्टिकच्या डब्यात काही पाठवत नाही. त्यांच्याकडची रीत अशी की दुकानातलाच जाड वाडगा जायचा, खाऊन दाराबाहेर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी माणूस येऊन घेऊन जातो. मोठी विश्वासाची रीत. वाडग्यावर ताणून प्लास्टिक लावलं आणि स्कूटरवाला नेपाळी निघाला.

परत येताना हवेत गारवा. चंद्र नव्हता पण असल्यासारखं वाटत होतं. किती दिवसांनी कुणासाठी काहीतरी पाठवलं. सु. असती तर म्हणाली असती, शहाणपण सुचलं एकदाचं.

बुधवार, २२ जानेवारी

शहाणपण कसलं.

सकाळी दा.चा फोन. बाथरूममधून बोलत असावा, आवाज घुमत होता.

"नाना, तू माझा दोस्त की दुश्मन?"

झालं ते असं. भाभींनी दार उघडलं. नेपाळी हसत म्हणाला, "ट्यूसडेवाले अंकल का है. जैसा हमेशा लेते हैं. मूली डबल." भाभींनी विचारलं, कौन अंकल, कौन हमेशा? बिचाऱ्यानं मनापासून सगळं सांगितलं. दोन अंकल, कोपऱ्यातलं टेबल, गाना भी गाते हैं.

"मग?"

"मग काय. तिनं वाडगा घेतला, 'शुक्रिया' म्हणाली, दार लावलं. मला साधा वासही घेऊ दिला नाही रे!"

इतक्यात फोन भाभींच्या हातात. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नानाभाऊ, तुम्ही चालायला जात होतात ना?"

"हो... म्हणजे..."

"मी इथं भात मोजून वाढते. रात्री एक भाकरी. डॉक्टर विचारतो, साखर उतरत का नाही. मी म्हणते, अल्ला जाणे. अल्लाला ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक होतं, त्या स्कूटरवाल्याला ठाऊक होतं. मलाच नव्हतं."

फोन त्यांनीच ठेवला.

मुलाला, मिलिंदला, संध्याकाळी सांगितलं. हसत सुटला पोरगा. "नाना, यू टू गॉट कॉट बाय डिलिव्हरी!" मला हसू आलं नाही. मग त्यानं हसणं थांबवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

रविवार, २६ जानेवारी

दा.चा ताप उतरला पण साखर फार चढलेली. डॉक्टरनं दम भरलाय. मुंबईहून मुलाचा फोन: अब्बांना आता कायमचं घेऊन या, श्रीवर्धनला घर आहे, हवा आहे, लक्ष ठेवायला माणसं आहेत. तिकिटाचं बोलणं चाललंय.

हे सगळं दा.नं दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला.

कायमचं. म्हणजे समोरची खुर्ची...

मंगळवार, २८ जानेवारी

गेलो. नको होतं जायला.

मावशीनं विचारलं, "बाऊल?" वाडगा अजून परत आला नाही. नेपाळी दोनदा जाऊन आला, दाराबाहेर काही नाही. बेल वाजवायची त्याची हिंमत होत नाही म्हणे. मी पैसे काढले तर ती रागावली. हातानं "थांबू" असं केलं.

कांदा काळ्या लगद्यात बुडवून खाल्ला. एरवी कऱ्हाडची आठवण यायची, बुक्कीनं फोडलेला कांदा. आज नुसताच तिखट लागला. मागे थप् थप् चालू. पहिलं कडवं मनात म्हटलं. दुसरं येत असून म्हणवेना. ते माझं नव्हेच.

शुक्रवार, ३१ जानेवारी

मिलिंद म्हणाला, "चला, मला दाखवा तुमचं सीक्रेट." सुट्टीचा दिवस, तोही आणि केतकीही. तिघं गेलो. केतकीनं भीत भीत काळं चाखलं आणि माझ्या वाडग्यातलंही संपवलं. मिलिंद काचेपाशी उभा राहिला तो राहिलाच.

"नाना, हा आवाज... आजी करायची ना असा? भाकरीचा?"

त्यानं माझ्या आईला बघितलं तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा होता. मला वाटायचं, हे माझ्याबरोबरच संपणार. डोळे भरून आले. लाल रस्शाचा ठसका लागल्याचं दाखवलं, पण लाल कुणी मागवलंच नव्हतं.

किती मिळालंय मला. तरी माणूस समोरच्या रिकाम्या खुर्चीकडेच बघतो.

परत येताना मिलिंद म्हणाला, "दाऊदकाकांना जाऊन भेटा ना." भाभींसमोर कोणत्या तोंडानं?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दुकानात गेलो नाही. समुद्राकडेच्या रस्त्यानं खरोखर चाललो. भाभींना सांगायला हवं की आज खरंच चाललो. पाय दुखतायत.

बाकावर बसलो असताना दा.चा आवाजी निरोप आला. कुजबुजत, बहुतेक पुन्हा बाथरूम.

"नाना, झोप येत नाही. ऐक." आणि नावाड्याचं दुसरं कडवं. घोगरा आवाज, पण एकही शब्द इकडचा तिकडे नाही. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मग थांबला.

"शेवटची टेबलावर. इंशाल्ला."

मागून भाभी: "कुणाशी बोलताय?" आणि खट्.

शेवटची ओळ मला येते. समोर पाणी काळं होत चाललं होतं, लांबच्या बोटींचे दिवे लागत होते. म्हणून बघितली. कुजबुजत. कशीशीच वाटली. ती त्यानं टेबलावर बोटं आपटत म्हणायची, आणि मी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करायचं. तशीच ती पुरी होते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

केतकीला कळलं की श्रीवर्धनचं तिकीट अजून काढलेलं नाही. तिची मैत्रीण भाभींच्याच इमारतीत राहते. "भाभी ऐकत नाहीयेत म्हणे. मुलाला म्हणाल्या, थांब जरा, मला आधी एक बघायचंय."

काय बघायचंय?

सोमवार, १० फेब्रुवारी

मिलिंद-केतकी कामावर. दुपारची डुलकी काढत होतो. बेल वाजली. पाणीवाला असेल म्हणून बनियनवरच दार उघडलं.

रुकय्याभाभी.

सु. गेली तेव्हा आल्या होत्या, त्यानंतर आज. एकट्या. हातात मावशीचा जाड वाडगा, वर फडकं बांधलेलं. मी धावत आत जाऊन सदरा चढवला, उलटा.

"भाभी, मी... चूक माझी..."

"ते राहू द्या. धरा." वाडगा जड. फडकं सोडलं तर सांदणं. तांदळाची, नारळाच्या रसातली, अजून कोमट. "साखर नाही घातली, तरी गोड लागतील. भांडं रिकामं परत कसं करायचं? इतके दिवस म्हणूनच ठेवलंय. हे बरे होईस्तोवर चुलीपुढे उभी राहायला सवड कुठं होती."

एवढे दिवस आम्ही समजत होतो की वाडगा जप्त झालाय.

"आत या ना. दाऊदभाई कसे आहेत?"

"खाली गाडीत बसलेत. वर यायचं नाही असं सांगितलंय."

मी खिडकीकडे वळणार तोच म्हणाल्या, "बघू नका. लगेच हात हलवतील."

मग पदर सावरून म्हणाल्या, "पाठवला होतात ना तुम्ही तो रस्सा, तो मीच खाल्ला. फेकवेना. चांगला होता. मीठ फार होतं." आणि लगेच, "नानाभाऊ, रात्री झोपेत कविता म्हणतो हा माणूस. श्रीवर्धनला कुणाला ऐकवील?"

"तिकीट काढलंत?" मी कसंबसं विचारलं.

त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि उलट्या सदऱ्याकडे बघत म्हणाल्या,

"उद्या मंगळवार ना? मला न्या तिथं. ती बाई मीठ किती घालते, मैदा किती, आणि तो दोर कसा आपटतात, सगळं समोर उभी राहून बघते. मग तिकिटाचं ठरवते."