ताईचे स्वानुभव

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
ठकूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं आणि जीव भांड्यात पडला. मी फोन ठेवलेला नाही आणि ठेवणारही नाही, त्यामुळे आपल्याला हे असं पानं खरडत बसावंच लागणार. तुझं अक्षर अजून तसंच आहे, पोस्टमनची कीव येते. पत्रं खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या नावानेच पाठवत जा. त्या काही विचारत नाहीत, आणि न विचारणारं माणूस किती मोठं असतं ते मला इथे आल्यावर कळलं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. नळ बाहेर, खिडकी एकच, आणि समोर लाँड्रीची गच्ची. दिवसभर हॉटेलांच्या चादरी वाळत असतात. दाराची कडी ढिली आहे, म्हणून मी दाराला खुर्ची लावते आणि खुर्चीच्या अगदी कडेवर स्टीलचा पेला ठेवते. कुणी दार ढकललं तर पेला आधी पडेल. साडेचार महिन्यांत तो एकदाच पडला, तोही माझ्याच धक्क्याने, आणि मी पलंगाखाली जाऊन बसले. हसू नकोस. मी नंतर हसले.

काम मात्र झकास चाललंय. लग्नाआधी शिकलेली विद्या हातात शिल्लक होती म्हणायची. दातांच्या लॅबमध्ये आम्ही चौघं आहोत. बाकीचे साचे ओततात, घासतात. मी कवळ्यांचं मेणकाम करते, म्हणजे मेणाच्या हिरड्या करून त्यात एकेक दात बसवते. मास्तर म्हणतात की माझ्या हातचे दात खोटे वाटत नाहीत. काम करताना मी शीळ घालते म्हणे. मला पत्ताच नव्हता. त्या घरात सहा वर्षं कधी घातली नव्हती.

मोडलेलं मनगट थंडीत अजून ठणकतं. ते मोडलं तेव्हा त्याने काय सांगितलं होतं ते तुला ठाऊक आहे, की पळून गेलीस आणि सापडलीस तर पुन्हा पळण्याच्या अवस्थेत ठेवणार नाही. तो बोललेलं करतो. बाकी मजेत आहे. भाऊजींना नमस्कार, आणि माया आहे तेवढी राहू दे, आटवू नकोस.

तुझी
ठकू


दि. ११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षरावरून बोलू नकोस, शाळेत तुझे निबंध मीच लिहून द्यायची. तुझं पत्र तीनदा वाचलं. पेल्याचं आणि शिळेचं वाचून डोळे भरून आले. भाऊजींनी विचारलं काय झालं, तर म्हटलं कांदा. हातात कांदा नव्हता, पण चष्मे बनवणाऱ्या माणसाला समोरचं दिसतंच असं नाही.

माझं म्हणशील तर लायब्ररी बंद पडली तेव्हापासून त्या वेबसाइटसाठी ब्लॉग लिहितेय, ते चालू आहे. सदराचं नावच ‘स्वानुभव’. दर शुक्रवारी एक पोस्ट, आणि ती खरीच हवी. संपादकबाई खोदून खोदून विचारतात. भिंतीचा रंग कोणता होता, तेव्हा हातात काय होतं, असं. पैसे बरे देतात, पण खरं सांगू? पैशापेक्षा लोकांची चटक लागली. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं मांडत आले, आता माझं लिहिलेलं हजारो लोक वाचतात.

पण ठकू, माझं आयुष्य संपत आलं गं. मरणाने नव्हे, शुक्रवारांनी. पित्ताशयाचं ऑपरेशन लिहून झालं. बाबांचे शेवटचे दिवस तीन भागांत झाले. भाऊजींचं घोरणंही लिहिलं, तर एका गिऱ्हाइकाने दुकानात येऊन त्यांना उपाय सांगितला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आता बाई म्हणतात की तुमच्या लिखाणातली धग गेली, वाचक कमी झाले, सदर दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

म्हणून विचारते. तुझ्याबद्दल लिहू का? नाव नाही, गाव नाही, नातंही सांगणार नाही. नाही म्हणालीस तर विषय संपला.

तुझा नवरा गेल्या महिन्यात येऊन गेला. जमिनीच्या मोजणीवरून परस्पर आलो म्हणाला. पायातले बूटसुद्धा नीट भिंतीला लावून ठेवले. काही कळलं तर कळवा, म्हणून गेला. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, काळजी नको.

जपून राहा. माझा जीव तुझ्यापाशीच असतो.

तुझी
ताई


दि. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, नर्सबाई पोस्टाकडे निघाल्यात. नको. लिहू नकोस. रागावून नाही सांगत, पण नको म्हणजे नको. तो तुझं सगळं वाचतो. मी तिथे असतानाही वाचायचा, आणि जेवताना मला मोठ्याने वाचून दाखवायचा. ताईने हे कुठून घेतलं असेल, ते कुणावरून लिहिलं असेल, असं मला विचारायचा. चुकलं तर ताट उचलून ठेवायचा.

तुझं सदर जाईल याचं वाईट वाटतं. भाऊजींच्या चपलांवर लिही, नाहीतर शेजारणीवर लिही, नाहीतर सरळ खोटं लिही. माझ्यावर नको.

रागावू नकोस. मायेला कमी करू नकोस.

तुझी
ठकू


दि. १९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर यायची वाट न बघता मी चूक केली. आता कबूल करतेय. पोस्ट गेल्या शुक्रवारीच गेली.

बाईंचा निरोप आला होता की या शुक्रवारी जमलं नाही तर हा शेवटचा. मी टेबलाशी बसले आणि शेजारणीवर दोन पानं लिहिली, ती मलाच वाचवेनात. मग तुझं पत्र समोर ठेवलं आणि तासाभरात लिहून झालं. बहिणीऐवजी मैत्रीण केली. लाँड्रीची गच्ची काढून मैदान केलं. नर्सबाई काढल्या. कामही बदललं होतं, तुला बेकरीत घातलं होतं. बाई म्हणाल्या की यात जीव नाही, ती खरं काय करते? मी सांगून बसले. त्या म्हणाल्या, अहो, मग तेच तर लिहायला हवं, मार खाल्लेली बाई अनोळखी माणसांचं हसू बनवत बसलीय. मला ते पटलं, ठकू. तेव्हा खरंच पटलं. कवळ्या तशाच राहिल्या. पेला राहिला, शीळ राहिली.

आजपर्यंत माझ्या कुठल्याच पोस्टला एवढे वाचक आले नव्हते. बायका लिहितायत की वाचून त्यांनी स्वतःची बॅग भरून ठेवली. म्हणजे काहीतरी चांगलंच झालं ना? जगात दातांच्या लॅबा काय कमी आहेत? तरी तू नाही म्हणालीस तर मी लगेच काढून टाकायला सांगेन.

मनातून काढू नकोस मला.

तुझी
ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना चुकवून गेली. आधी खूप रडले, मग तुला मनातल्या मनात लाखोली वाहिली. मग नर्सबाईंच्या फोनवर ती पोस्ट वाचली. ताई, तू फार सुंदर लिहिलंयस. माझी खोली तू पाहिलीही नाहीस आणि मला ती तुझ्या शब्दांत जास्त नीट दिसली. शेवटी ती बाई शीळ घालते तिथे मी थांबले आणि पहिल्यांदा वाटलं की ही बाई शूर आहे. हे तुला सांगायचं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

आता दुसरं. सोमवारी लॅबमध्ये फोन आला. कुणी डेंटिस्ट म्हणे, नवा दवाखाना काढायचाय, तुमच्याकडे मेणकामाला चांगली बाई आहे असं ऐकलं. मास्तर भोळा माणूस. आपल्या कारागिराचं कौतुक म्हटल्यावर त्याची छाती फुगली, हो म्हणाला, आहे ना, चारेक महिन्यांपूर्वीच आलीय. मग त्या माणसाने हसत हसत विचारलं की काम करताना शीळ घालणारी तीच का. मास्तर तेही हो म्हणाला. मला हे आज दुपारी जेवताना गंमत म्हणून सांगितलं. मी डबा तसाच मिटला.

मी निघतेय. नर्सबाईंची एक मैत्रीण दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात आहे, तिच्याकडे सोय होईल का ते शनिवारी कळेल, रविवारी पहाटेची गाडी. तोवर एका म्हातारीची कवळीही पुरी होईल. सहा महिने ती नुसतं पातळसातळ गिळतेय, तिला तसंच टाकून जाववत नाही. कामावर कुणाशी बोलणार नाही, घरी आल्यावर दाराला खुर्चीऐवजी पलंग लावेन.

पोस्ट काढून टाक. या पत्त्यावर आता लिहू नकोस. मी पोचले की मीच लिहीन. तुझ्यावर राग आहे आणि मायाही आहे, दोन्ही धरून चाल.

तुझी
ठकू


दि. ३ मार्च

सौ. ताईंना,
कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली बहीण सुखरूप घरी आली आहे. शनिवारी मी स्वतः जाऊन तिला घेऊन आलो. आपल्याला काळजी लागून राहिली असेल म्हणून आधी आपल्यालाच कळवतो आहे.

आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत? आपण ‘मैत्रीण’ असं लिहिलंत, पण माणूस ओळखू येतं हो. मला बारकावे लक्षात ठेवायची सवय. मोजणीच्या कामात तेच तर लागतं. दातांच्या लॅबांची यादी केली आणि रोज साहेबाची परवानगी काढून थोडे थोडे फोन करत गेलो. तेविसाव्या फोनला यश आलं. तिथले मास्तर फारच सज्जन निघाले, त्यांनी मला तिच्या टेबलापर्यंत नेलं. ती मान खाली घालून काम करत होती. आपण वर्णन केलंत अगदी तशी.

तिने काही तमाशा केला नाही. मास्तरांनी नवराबायकोत समेट झाला म्हणून सगळ्यांना पेढे देतात तसा चहा दिला. हातातलं काम तेवढं अर्धवट राहिलं.

आपली पोस्ट आता दिसत नाही. का काढलीत? छान होती. आपल्या लिखाणाचा मी पहिल्यापासून वाचक आहे, आणि आपण असंच खरंखुरं लिहीत राहावं. कुटुंबावरचं प्रेम आहे तसं वाढतं असू द्यावं.

आपला
मेहुणा


दि. ९ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली दोन्ही पत्रं मिळाली. मी इथे सुखात आहे. काळजी करू नये. घाबरून मी घर सोडलं ही माझी चूक होती, ती मला समजली आहे.

न्हाणीघरात पाय घसरून माझ्या उजव्या हाताची बोटं दुखावली आहेत. त्यामुळे मी सांगते आहे आणि पत्र हे लिहीत आहेत. डॉक्टर म्हणतात की बारीक काम आता जमणार नाही. तसं ते करायची गरजही राहिलेली नाही.

मागच्या वेळी तू परवानगी मागितली होतीस. ती आता मी देते. घर सोडून गेलेली बाई परत येते आणि सुखाने नांदते, असं लिहावं. लोकांना चांगला संदेश जाईल, असं यांचं म्हणणं आहे आणि मलाही तसंच वाटतं.

इकडे येण्याची तसदी घेऊ नये. लोभ आहे तो तिथूनच असू द्यावा.

तुझी बहीण
सौ. ठकू


दि. १४ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी टाकणार नाही. ते तुझ्याआधी कोण उघडेल ते मला ठाऊक आहे. तरी लिहितेय, कारण तुझ्याशी बोलायची मला दुसरी सवय नाही.

काल आम्ही आलो तेव्हा दार तू उघडलंस. मी, तुझे भाऊजी, आणि चौकीतून दोन दिवस हेलपाटे घालून आणलेल्या पोलीसबाई. तुझ्या हाताचं प्लास्टर कोपरापर्यंत होतं. बाईंनी तुला आत नेऊन एकटीला विचारलं. तू सांगितलंस की पडले. त्यांनी पुन्हा विचारलं, तू पुन्हा तेच सांगितलंस. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या की तक्रारच नसेल तर मी काय लिहून घेऊ. तुझा नवरा आम्हाला सगळ्यांना पाणी देत होता. भाऊजींनी ग्लास घेतलाच नाही.

तुझी पत्रं मी पोलीसबाईंना दाखवली. आधी मनगट, आता बोटं, हे त्यांनी टिपून घेतलं, पण तुझ्या तोंडून आल्याशिवाय ते कोर्टात उभं राहत नाही म्हणतात. नर्सबाईंनी साक्ष द्यायची तयारी दाखवलीय. वकील पाहिलाय. मी थांबणार नाही, एवढं तुला कळायला हवं होतं, आणि नेमकं तेच मला तिथे मोठ्याने बोलता येत नव्हतं.

संपादकबाईंचा फोन आला होता. पोस्ट काढली तरी ती इकडेतिकडे पसरलीय, आणि त्या बाईचं पुढे काय झालं असं लोक रोज विचारतात, पुढचा भाग हवा म्हणाल्या. मी सांगितलं की मला आता कसलाच अनुभव नाही. सदर सोडलं.

ठकू, मी तुला विकलं. चांगलं लिहिता आलं या आनंदात विकलं. तू कौतुक केलंस ते वाक्य मला पाठ झालंय आणि पुसता येत नाही.

निघताना तू डाव्या हाताने मला जवळ ओढलंस. तुझा नवरा भाऊजींच्या चपला सरळ करून ठेवत होता. तू माझ्या कानाशी सांगितलंस की पुन्हा निघणार आहेस, आणि या वेळी कुठे जाशील ते मला कळवणार नाहीस. मी म्हटलं, नको कळवूस. एवढंच बोलणं झालं आपलं.

म्हणजे तू सुटलीस तरी मला पत्र येणार नाही, आणि तुला त्याने मारून टाकलं तरी येणार नाही. रोज पोस्टमन दारावरून पुढे जाईल आणि मी समजेन की तू सुटलीस. दुसरं काही समजायची माझ्यात ताकद नाही.

तुझी
ताई