बाजूचं दिसणं

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग बायकोला हाक मारून सांगशील की ताईचा फोन बिघडलेला दिसतोय. फोन ठणठणीत आहे. पण तुझ्याशी फोनवर गंभीर काही बोलायचं म्हणजे महाकठीण. पहिल्या वाक्याला तू विनोद करतोस, दुसऱ्याला मी आज पाणी किती प्यायले ते विचारतोस आणि तिसऱ्या वाक्याला तुझ्या बसची वेळ होते. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप. डबा खाऊन झाला की निवांत बसून वाच. आणि ओळीने वाच. पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड आहे, ती इथे नको.

गोष्ट तुझ्या डोळ्यांची आहे. आता कपाळाला आठ्या घालू नकोस. मला काचबिंदू झालाय हे तुला माहीत आहे, पण मी सांगितलं तेव्हा तू मोतीबिंदू समजलास आणि काढून टाक की, हल्ली काहीच वेळ लागत नाही, असं म्हणून मोकळा झालास. हा काढून टाकायचा प्रकार नाही रे. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू सुकत जाते आणि नजर कडेकडेने कमी होत येते. माझ्यासारखीला तर दुखलं नाही, खुपलं नाही, डोळा साधा लालही झाला नाही. हे निदान झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुढच्याच भेटीत विचारलं, सख्खी भावंडं किती? म्हटलं एकच, धाकटा भाऊ, शाळेची बस चालवतो. त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, हे रक्ताच्या नात्यात उतरू शकतं, त्यांना लवकर घेऊन या. तेव्हापासून मी तुझ्या मागे लागले आहे आणि तू मला टोलवतो आहेस.

गंमत बघ, आपल्या घरात तब्येतीचा मक्ता तुझ्याकडे. लिफ्ट असली तरी जिन्याने जाणारा तू. जेवल्यावर शतपावली, साखर बंद, झोपेची वेळ ठरलेली. आमच्या बेकरीत येऊन समोर ताजे पाव, केक, खारी मांडलेली असताना गाजर चावत उभं राहण्याचा निर्दयपणा तुझ्याशिवाय कुणी केला नसेल. तुझ्या भावोजींना तू गिऱ्हाइकांसमोर म्हणालास की तुमच्याआधी तुमचं पोट दुकान उघडतं. ते आठवडाभर घुश्शात होते आणि मग गुपचूप फिरायला जाऊ लागले. आता त्यांना सकाळचं फिरणं चुकलं तर करमत नाही. श्रेय मात्र तुला देणार नाहीत, ते स्वतःच्या निश्चयाला देतात.

माझ्याही मागे तूच लागला होतास. ताई, पन्नाशी उलटली, एकदा सगळं तपासून घे. रक्त, हृदय, दात, डोळे, सगळं. मी म्हणायची, धडधाकट माणसाने डॉक्टरकडे जाऊन काय सांगायचं, मला काही होत नाहीये म्हणून आले? तू म्हणायचास, हो, अगदी असंच सांग. शेवटी तुझं तोंड बंद व्हावं एवढ्याच कारणासाठी मी गेले. साखर बरी निघाली, रक्तदाब जरा चढा. डोळ्यांची तपासणी मी गाळणारच होते, चष्मा नवाकोरा होता. पण तशीच बाहेर आले असते तर तू संध्याकाळी फोनवर डोळ्यांचं काय झालं ते विचारलं असतंस, म्हणून त्याही रांगेत बसले.

तिथे एक यंत्र असतं. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या पोकळीत तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. कडेला कुठेही बारीकसा दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मला मजा वाटली, मुलांच्या खेळासारखं. दाबत गेले. मग एकदम सगळं शांत झालं. मी बराच वेळ वाट पाहिली आणि मग तिथल्या मुलीला म्हटलं, अगं, तुझं मशीन बंद पडलं बघ. ती हळूच म्हणाली, चालू आहे काकू, दिवे लागतायत. मी बटण मुठीत धरून तशीच बसून राहिले. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

घाबरू नकोस, मी बरी आहे. रोज झोपण्याआधी डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे आणि सांगितल्या वेळी जाऊन दाब मोजून यायचं, एवढंच सध्या आहे. थेंब तुझे भावोजी घालतात. घालताना स्वतःचा श्वास रोखतात, तोंड उघडतात आणि नेम चुकला की मलाच रागावतात की हललीस. जे दिसायचं गेलं ते परत येणार नाही, पण उरलेलं बरंचसं राखता येईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उरलेलं पुष्कळ आहे. अजून मी पिठाचा पोत नुसत्या नजरेने ओळखते. फक्त भट्टीजवळची ट्रे ठेवायची मांडणी आम्ही उजवीकडे हलवली. माझ्या डाव्या कोपरावर भाजल्याच्या खुणा का असायच्या, हे आम्हाला आत्ता कळलं. इतकी वर्षं मी तुझ्या भावोजींना दोष द्यायची की ट्रे वाटेत ठेवतात. उशिरा गेले असते तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही, पण तुझ्या कटकटीने माझे डोळे वाचले हे मात्र खरं. हे तुला एकदाच सांगते आहे, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नकोस.

आता आईबद्दल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला होता का? मी ठामपणे नाही म्हणाले. दवाखान्याचा जिना उतरताना कठड्याला धरलं आणि तिथेच थांबले. आई अशीच उतरायची, आठवतं? एक हात भिंतीवर, पाऊल आधी चाचपून. तिचा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा, पेला टेबलाच्या कडेबाहेर ठेवला जायचा आणि बाबा म्हणायचे, भिंतींनो सरका, बाई निघाल्या. आपण हसायचो, तीही हसायची. आपल्या घराण्याचा धांदरटपणा म्हणून आपण तो मिरवलासुद्धा. तू तुझ्या लग्नात फोटोवाल्याचा दिवा पाडलास तेव्हा सगळे म्हणाले, आईवर गेलाय. पुढे तिने बाजारात जाणं सोडलं, मग वाचनालय सोडलं, मग ती खिडकीजवळच्या खुर्चीतच असायची. कुणी बाजूने आलं की ती अख्खी मान वळवून बघायची आणि आपल्याला वाटायचं तिचं काहीतरी बिनसलंय. बाबांनी एकदा डोळ्यांचा विषय काढला तर तिने सुईत दोरा ओवून दाखवला. एका झटक्यात ओवला. विषय तिथेच मिटला. समोरचं तिला शेवटपर्यंत स्पष्ट दिसत होतं, बाजूचं जग तेवढं नाहीसं झालं होतं. मी हे कुणाच्या माथी मारत नाही. तिला माहीत नव्हतं, आपल्याला माहीत नव्हतं. पण ती तिथे बसून मनात काय समजत असेल, याने माझा जीव अजून तुटतो.

तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे. तू म्हणशील, मी दर वर्षी परवान्याच्या तपासणीला भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचतो. वाचत असशीलच. अक्षरं समोर असतात. आईनेही वाचली असती. तू म्हणशील, मी चालतो, नीट खातो, आयुष्यात सिगारेट ओढली नाही. ते सगळं उत्तम आहे आणि त्याने तुझं हृदय आम्हा सगळ्यांना पुरून उरेल. पण डोळ्यातला दाब गाजर खाऊन कळत नाही, तो मोजावा लागतो. मला शहाणपण शिकवताना तू हेच सांगत होतास, की दुखायला लागण्याआधी जायचं असतं. मग स्वतःच्या वेळेला ही टाळाटाळ का? त्याचं कारण मला कळतं, असं वाटतं. तपासलं नाही तोवर काही झालेलं नाही, असं तू धरून चालला आहेस. मागच्या वर्षी घराच्या फाटकाला गाडी घासलीस आणि खांब चुकीच्या जागी बांधलाय म्हणून गवंड्यावर खापर फोडलंस. तेव्हा तुझी बायको माझ्याकडे बघत राहिली. तिलाही काहीतरी कळलं असावं. तू हल्ली अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढत नाहीस, हे तिने मला नंतर सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं.

आणि आता, हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. रविवारी तुम्ही सगळे आला होतात. तू काउंटरशी उभा राहून भावोजींना मिठाबद्दल काहीतरी सुनावत होतास. मी आतून आले आणि तुझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिले, अगदी जवळ. डॉक्टरीणबाईंनी तपासताना माझ्या बाजूला केला होता तसा हात वर केला आणि बोटं हलवली. तू बोलत राहिलास. तुला वाटेल तू बोलण्यात दंग होतास. मलाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा होती, म्हणून मी थांबून पुन्हा हलवली. मग हात हळूहळू पुढे आणत गेले, तुझ्या गालाजवळून, जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत, तेव्हा तू दचकलास आणि म्हणालास, ताई, तू कधी आलीस? तुझी लेक खिदळली, तिला वाटलं आत्याने बाबांची गंमत केली. मीही हसले, कारण तिच्यासमोर मला दुसरं काही सुचलं नाही. तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे तुझ्या बसमधली पोरं आहेत. शेवटचं मूल बसेपर्यंत तू बस हलवत नाहीस, हे मला माहीत आहे. पण उतरलेलं मूल बसच्या कडेने पळत येतं, तेव्हा ते कुठल्या बाजूने येईल हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी डॉक्टर नाही, मी चुकलेली असले तर जन्मभर मला चिडव, मी ऐकून घेईन. पण हे पत्र वाचल्यापासून तू बस काढू नकोस. रजा माग, कारण खरं सांग. पुढे बस चालवणं कायमचं सुटलंच तर काय, हा प्रश्न तुला खाणार आहे. आमच्याकडे कामाला माणूस हवाच आहे आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, भावोजींनी स्वतः काढलेला विषय आहे. गुरुवारी सकाळची वेळ मी तुझ्या नावाने घेतली आहे. स्वतः गाडी चालवत येऊ नकोस, बायकोला घेऊन रिक्षाने ये आणि दवाखान्यापाशी उतर. मी दाराशी असेन, तुझ्या उजव्या बाजूला उभी राहीन.

तुझीच,
ताई