सारांशाच्या दहा ओळी

११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा खोकला थांबला का? मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली.

आमच्या वॉर्डात दर गुरुवारी दुपारी आम्ही नर्स मिळून एक शोधनिबंध वाचतो. नुसतं वाचायचं नाही, उलटतपासणी घ्यायची. रुग्ण किती होते, कसे निवडले, मधेच किती गळाले, आपल्या रुग्णांशी त्यांचं काही जुळतं का. या गुरुवारी नवीन आलेल्या नर्सने एक जुना निबंध काढला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दोनऐवजी चार तासांनी बदलली तरी पाठीला जखमा होत नाहीत, असं सांगणारा. तिसऱ्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "सिस्टर, हे सगळे रुग्ण खास हवेच्या गाद्यांवर होते. आपल्या गाद्या साध्या. मग चार तासांचा नियम इथे आणला कुणी?"

मी पाणी प्यायला उठले.

ताई, मी आणला. गेल्या वर्षी. दर दोन तासांनी रुग्ण वळवून आम्हा सगळ्यांच्या कंबरा मोडत होत्या, मला असा निबंध हवाच होता. सारांशाच्या दहा ओळी वाचल्या आणि मेट्रनबाईंना पटवून आले. दोन महिन्यांनी बाबा मांडीचं हाड मोडून आमच्याच वॉर्डात आले. त्यांच्या पाठीवरची जखम बघून तू त्यांची देखभाल करणाऱ्या नर्सला सगळ्यांदेखत म्हणालीस, "माणूस आहे तो, गाठोडं नाही!" ती रडली. तिने नियम तंतोतंत पाळला होता. मी शेजारीच उभी होते, ब्र काढला नाही. तिची बदली झाली. तू मला म्हणालीस, "बरं झालं, तू तरी होतीस तिथे."

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

जखम कदाचित तरीही झाली असती. एका रुग्णावरून ठरवता येत नाही, हे आता मला पाठ आहे. पण ती पळवाट झाली.

काल मेट्रनबाईंना लेखी कळवलं. दोन तासांचा नियम परत लागू झाला. माझी चौकशी होईल, होऊ दे. आज सकाळी त्या नर्सला तिच्या नव्या वॉर्डात गाठलं, सगळं सांगितलं. ड्रेसिंगची ट्रॉली तशीच धरून ती एवढंच म्हणाली, "तुमच्या ताईंना सांगितलंत?"

रविवारी येते. बाबांना मीच सांगेन, तोंडाने. तोवर त्यांना काही बोलू नकोस. तुला मात्र जे बोलायचं असेल ते दारातच बोल, मी ऐकून घेईन.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
धाकटी