चढणीची होडी

ता. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यात रुजू होऊन तीन आठवडे झाले. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, चार खाटा आणि औषधांचं एक कपाट, ज्याचं दार गुडघा मारल्याशिवाय उघडत नाही. इथपर्यंत नदी खोल आहे म्हणून टपालाची लाँच येते. फोन नाही. माझ्या नऊ वस्त्या मात्र वरच्या अंगाला, आणि तिथे दगडच दगड. इंजिनाची होडी दिली होती, तिचा पंखा दुसऱ्याच दिवशी खडकावर आपटून वाकला. आता अरुंद लाकडी होडी आणि दोन पुरुष लांबीची काठी, टोकाला लोखंडी टोपी. होडीत उभं राहायचं, काठी मागे तळात रोवायची आणि तिच्यावर हातापुढे हात टाकत होडी वर ढकलायची.

शिकवणारी बाई साठीची आहे. सगळे तिला बगळी म्हणतात आणि ती त्या नावाला ओ देते. पहिल्या दिवशी मी तीनदा पाण्यात. ती हसली नाही. एवढंच म्हणाली की तू नदीशी भांडतेस. भांडू नकोस, पायऱ्या शोध. प्रत्येक मोठ्या दगडामागे पाणी निवांत असतं. तिथे दम खायचा, पुढचा दगड बघायचा. ओझं मागे ठेवायचं, म्हणजे पुढचं टोक हलकं राहतं आणि ओढ ते फिरवत नाही. तळहातांची सालं निघालीत. हे आईला सांगू नकोस.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लिहीत जा.
तुझी खारूताई

ता. १५ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आशीर्वाद.

तुला सायकल शिकवताना माझं एक बोट मोडलं होतं, तेव्हा त्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि सांभाळून राहा म्हणावं. आईला मी काही सांगितलं नाही. पण पत्र वाचताना तिनं माझं तोंड बघितलं आणि जे ओळखायचं ते ओळखलं. तिचा गुडघा तसाच आहे. दारापासून ओट्यापर्यंत, तेवढीच तिची पृथ्वीप्रदक्षिणा. गिरणीच्या बॉयलरवर मी आता एकटाच, त्यामुळे भोंगाही माझ्याच हातात. वहिनी म्हणते, तुमचा आवाज घरात नाही, निदान गावात तरी चालतो.

एक नवल सांगतो. नदी आटतेय. दरवर्षी या दिवसांत आपल्या खालच्या आळीत पाणी उंबऱ्याला लागेल म्हणून जीव टांगणीला असतो, आणि यंदा पात्रात पोरं चेंडू खेळतात. शेजारच्या शिंप्यानं वाळूत कापड ताणून मशीनच मांडलंय. म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदा वारा लागतोय. पाणीखात्याच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, पाणी कमी आहे ही काय तक्रार झाली? लाँच मात्र दोनदा रुतली. तुमच्याकडे कसं आहे?

आईचे आशीर्वाद. जेवत जा.
तुझा दादा

ता. २४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आता मी पडत नाही. काल पाचव्या वस्तीला दोन तासांत पोचले, ज्याला महिन्यापूर्वी अर्धा दिवस लागे. मी खुशीत होते. बगळी खुशीत नव्हती. म्हणाली, तू शिकलीस हे खरं, पण एवढी नाही शिकलीस. नदी ढकलतच नाहीये.

मग मलाही दिसायला लागलं. तिच्या आयुष्यात कधी उघडे न पडलेले दगड बाहेर आलेत, अंगावर वाळलेलं शेवाळ. पाणी कमी, तरी गढूळ, आणि उकळलं तरी मातीची चव जात नाही. ती काठीनं तळ ऐकते. खडी असली तर काठी खरखरते, गाळ असला तर मुकी होते. आता खडीच्या जागीही मुकी होते. दोन दिवस ती नीट जेवलेली नाही. विचारलं तर म्हणाली, जी बाई रोज बडबडते ती गप्प बसली की घरात काहीतरी झालेलं असतं.

उद्या आम्ही दोघी वर खिंडीपर्यंत जातोय. हे पत्र नेणारी लाँच बहुधा शेवटची; पुढे पाणी पुरणार नाही म्हणतात. आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस.

मनात ठेव.
तुझी खारूताई

ता. २९ जून

दादा,

मायना राहू दे. डोंगराची एक अख्खी बाजू खिंडीत कोसळली आहे. तिच्या मागे तळं झालंय, त्याचं दुसरं टोक दिसत नाही, नुसते झाडांचे शेंडे दिसतात. ढिगाऱ्याच्या पायथ्यातून पाणी झिरपतंय, आणि आम्ही तिथे उभ्या असतानाच झिरप्याची धार मनगटाएवढी झाली. हे फुटणार. आज की आठ दिवसांनी, बगळीलाही सांगता येत नाही.

पत्र तीच आणतेय. खाली यायला तिला एक दिवस पुरेल. आईला उचलून वर टेकडीवर ने. आळीतल्या सगळ्यांना ने. मी इथल्या आजाऱ्यांना आणि दिवस भरलेल्या दोन बायांना उंचावर हलवतेय. माझी काळजी नको.

खारू

ता. ८ जुलै

चि. खारूताईस,
अ. उ. आशीर्वाद.

आई सुखरूप आहे, वहिनीही. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

तुझं पत्र घेऊन मी पाणीखात्यात गेलो. साहेबांनी दोनदा वाचलं आणि चौकशीला माणूस पाठवतो म्हणाले. मी गिरणीत परत आलो आणि भोंगा ओढून धरला तो वाफ संपेपर्यंत. लोक धावत बाहेर आले. शिव्या खात खात आम्ही आळी रिकामी केली. आई माझ्या पाठीवर; वाटेत म्हणाली, लहानपणी तू एवढा चांगला नव्हतास.

मग काहीच झालं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. मॅनेजरनं मला कामावरून काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लोक परत खाली जायला लागले. शिंप्याचा मी हात धरला, तर म्हणाला, दोन लग्नांचे कपडे अंगणात पडलेत, तासाभरात आलोच. भरदुपारी पाणी आलं. आधी आवाज आला, मग वास, मग भिंतच. खालची आळी नाही राहिली. एकोणीस माणसं गेली, त्यात तो.

आता खरं सांगतो. बगळी पत्र देऊन इथेच थांबणार होती. वहिनीनं तिला टेकडीवर अंथरूण घालून दिलं होतं. भोंग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला म्हणालो की माझ्या बहिणीला घेऊन या. ती म्हणाली, वर जायला चार दिवस लागतात. मी हात जोडले. ती काठी घेऊन गेली.

ती पोचली का, एवढं कळव.
तुझा दादा

ता. १६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लाँच पुन्हा सुरू झाली, काल तुझं पत्र मिळालं. आमच्यातलं कुणी गेलं नाही. आम्ही उंचावरून सगळं बघितलं. दोन्ही बाया बाळंत झाल्या, मुली आहेत.

बगळी आलेली नाही. तुझं पत्र येईपर्यंत मी समजत होते की ती तुमच्याकडे आहे, वहिनीच्या हातचं जेवतेय. काल दोन्ही काठ धुंडाळत तिसऱ्या वळणापर्यंत खाली जाऊन आले. तिथे होडीची एक फळी झाडाच्या बेचक्यात अडकली होती, माझ्या डोक्यापेक्षा उंच.

तुझा दोष नाही असं लिहायला बसले होते. दोनदा लिहिलं आणि दोनदा कागद फाडला. तुझ्या जागी मी असते तर मीही हात जोडले असते, हेही मला माहीत आहे. पण ती अंथरूण सोडून उठली ते माझ्यासाठी, आणि मला ते कुणी विचारलं नव्हतं.

आज वर सहाव्या वस्तीत ताप आहे म्हणून निरोप आलाय. एकटीच जाते. सगळे दगड हलले आहेत. कशामागे निवांत पाणी आहे ते आता कुणालाच ठाऊक नाही. माझ्याकडून लगेच पत्र आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. जे लिहीन ते खरं लिहीन, त्याला वेळ लागेल. तोवर तू मात्र लिहिणं सोडू नकोस.

तुझी,
खारूताई