अंगात आलं की शुगर उतरली?

पिंपरी पेंढार,
१४ ऑक्टोबर २००८

ती. दादाभाऊ मामांना जानकूचा पाया पडून नमस्कार. इकडं सगळी खुशाल. मामींचं कंबरेचं दुखणं आणि तुमचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील असं धरून लिहितो.

पत्र कोर्सबद्दल आहे. ॲम्ब्युलन्सवर पेशंट सांभाळायचं शिक्षण दोन तऱ्हेचं मिळतं, एक वर्षाचं आणि एक घाईचं, चार महिन्यांचं. तुमचं म्हणणं, "लई शिकून काय करायचंय? चार महिन्यांत उरक आन् उन्हाळ्यात आमच्या सोनलशी लगीन लाव." मलाही ते गोड लागलं होतं (सोनल तुमची मुलगी असली तरी). पण मधे नवरात्र आलं.

तिसऱ्या माळेला आमच्या देवळात लंकाबाई घुमायला लागल्या. दरवर्षी घुमतात, पोरासोरांना ठाऊक. पण मी दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं शिबिर करून आलेलो, सर्टिफिकेट खिशात! फिट आली म्हणून त्यांना कुशीवर निजवलं, नाकाला कांदा लावला (हे शिबिरात नव्हतं, माझी भर) आणि चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं. देवी दवाखान्यात निघालेली गावानं पहिल्यांदाच पाहिली. वाटेत तिनं मला दोन थोबाडीत दिल्या. आईनं ओटी भरून माफी मागितली आणि मी कानाला खडा लावला, की इथून पुढं कुणीही घुमलं तर आपण फक्त हात जोडायचे.

आठव्या माळेला आणे गावी तुमच्याकडं आलो. पुढचं तुम्ही पाहिलंयत, पण तुम्ही ते वेगळं सांगत फिरताय असं कळलं, म्हणून लिहितो. कुंडलिक आजोबांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, कडक उपवास, त्यात सकाळी शुगरची गोळी घेतलेली. आरतीत ते घामाघूम होऊन थरथरायला लागले. जन्मात कधी त्यांच्या अंगात आलं नव्हतं, तरी तुम्ही हळद-कुंकू लावलंत, हार घातलात आणि विचारलंत, "आई, कांदा इकू का ठिवू?" त्यांची मान लटपटली, ती तुम्ही "ठेव" अशी धरलीत. आणि मी, सर्टिफिकेटवाला? हात जोडून तुमच्या मागं उभा, देवीला माझ्या नोकरीचं विचारायला. मामा, लिहितानाही लाज वाटते.

तेवढ्यात सोनल आतून आली. "आवं, देवी न्हाई, शुगर उतरलीय!" म्हणून तुमच्यावर ओरडली आणि आजोबांना घोट घोट गूळपाणी पाजलं. त्यांची गोळी तीच देते, म्हणून तिच्या ध्यानात आलं. पंधरा मिनिटांनी आजोबा नीट बसले आणि म्हणाले, "ह्यो हार कुणी घातला रं?" तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत. असू द्या.

मामा, माणूस उचलून गाडीत कसा घालायचा ते चार महिन्यांत शिकवतील. ते मला येतं, लंकाबाईंना विचारा. पण कुणाला हात लावायचा नाही आणि कुणाला लावायलाच हवा, एवढं कळायला मला वर्ष लागणार. आजोबांचं काही बरंवाईट झालं असतं तर मी तुमचा उंबरा पुन्हा चढलो नसतो.

तुमचा भाचा,
जानकू

ता. क. : तरी लग्न एक वर्ष पुढं ढकलावं. आमच्या वडिलांना तुम्हीच सांगा, माझं ते ऐकत नाहीत.

ता. क. आणखी एक : वर्षाच्या कोर्सचा फॉर्म सोनलनंही भरलाय, तुमची सही तेवढी राहिलीय. दोघांतलं एकच जाईल म्हणत असाल, तर तिलाच धाडा. मी चार महिन्यांचा उरकतो. तिच्या हाताखाली उचलायला माणूस लागेलच.