एकतीस नंबरचा ठिपका

४ फेब्रुवारी
आली एकदाची कोडवाली, लॅबच्या आकड्यांसाठी संगणकावर कोड लिहिणारी! सर तिला घ्यायला दारापर्यंत गेले. अठरा वर्षांत माझ्यासाठी कधी खुर्चीतून उठले नाहीत. आणि खिडकीजवळचं टेबल — माझं टेबल! — तिला दिलं. मी रक्ताच्या ट्यूबा उजेडात धरून बघते, तिला काय, स्क्रीन तर अंधारातही दिसतो. आयत्या बिळावर नागोबा.

६ फेब्रुवारी
आमच्या लॅबचा रिवाज: नवीन आलेल्याने रक्त द्यायचं. आम्ही ज्या आजारावर काम करतो त्याच्या आजाऱ्यांशी ताडून बघायला निरोगी माणसं लागतात, ती बाहेर कुठे शोधणार? सगळ्यांनी दिलंय, मीही. ट्यूबवर नंबर शेजारच्या ऑफिसातला कारकून चिकटवतो आणि नावं त्याच्या कपाटात बंद पाकिटांत. कुणाचा कुठला नंबर, आम्हाला कळत नाही.

आज तिचं रक्त मी काढलं. सुई जरा जोरातच टोचली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं! आणि ती म्हणते कशी, "ताई, किती हलका हात हो तुमचा!"

२ मार्च
जळते मी. लिहून टाकलं. वही कुणाला सांगायला जात नाही.

१९ मार्च
तिने आज सगळ्यांना समजावलं. प्रत्येक माणसाच्या रक्तात वीसेक हजार जनुकं, त्यातलं कोणतं किती जोरात काम करतंय त्याचे आकडे. एवढे आकडे माणसाच्या डोक्यात मावत नाहीत, म्हणून संगणक त्यांचा एकेक ठिपका करतो. आकडे सारखे तर ठिपके जवळजवळ. आजारी सगळे डावीकडे, निरोगी उजवीकडे. कळलं मला. तेच तर दुखणं आहे — बया शिकवते छान!

सर म्हणाले, "वा! तीन वर्षांचं काम तुम्ही सहा आठवड्यांत दाखवलंत." ते तीन वर्षांचं काम कुणी केलं? बर्फात हात घालून कोण बसलं? घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तू पण शीक की संगणक." आता दोन दिवस बोलणार नाही त्यांच्याशी.

८ एप्रिल
एक ठिपका चुकला! एकतीस नंबर. यादीत निरोगी, पण बसलाय आजाऱ्यांच्या घोळक्यात. मनातल्या मनात नाचले. गा आता संगणकाचे गोडवे!

९ एप्रिल
कोडवाली मीटिंगमध्ये म्हणाली, "गणित चार वेळा तपासलं. ताई, राग मानू नका हं, पण कुठे ट्यूबांची अदलाबदल तर नसेल झाली?"

सगळ्यांसमोर! अठरा वर्षांत माझ्या हातून एक ट्यूब बदललेली नाही. डिग्री नाही माझ्याकडे, शोधनिबंधावर नाव नाही, तेवढी एकच माझी इस्टेट. सरांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणजे त्यांनाही तसंच वाटतं. मी म्हटलं, "एकतीसची राखीव ट्यूब फ्रीजरमध्ये आहे. पुन्हा करते. कुणीतरी शेजारी उभं राहून बघा!"

१० एप्रिल
कारकून दिवसभर स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होता. बिचारा दोनदा पेंगला.

२८ एप्रिल
आकडे आले. एकतीस पुन्हा तिथेच, केसभरही हलला नाही. जिंकले! अदलाबदल नाही! सरांनी सगळ्यांदेखत कबूल केलं, "ताईंचा हात चुकत नाही." तीसुद्धा उठून आली, "चुकलं माझं, ताई." मी हूं केलं फक्त. आज मीच ह्यांना बाहेर जेवायला नेलं.

२९ एप्रिल
सकाळी दात घासताना डोक्यात आलं. माझा हात बरोबर. तिचं गणितही बरोबर. मग एकतीस नंबरचं माणूस आजारी आहे.

लॅबमध्ये पोचले तर ती तेच सरांना सांगत होती. "त्या व्यक्तीला ठाऊकही नसेल. आत्ता कळलं तर औषध लागू पडतं, उशीर झाला की नाही. आणि ती बाई आहे, एवढं आकड्यांवरून नक्की." सरांनी पाकीट उघडायची परवानगी मागितली आहे.

बाई! माझंही रक्त आहे त्यात.

३० एप्रिल
परवानगी आली नाही. आरशात डोळ्यांखालचं काळं बघत बसले. गेल्या वर्षापासून दमते मी. कोडवालीने न विचारता चहा आणून ठेवला. म्हणाली, "तुमचं नसेल हो, ताई." हिला कसं कळलं मी काय विचार करतेय? तेवढ्यातही चीड आली — हिला काय, तिशीही नाही, तुकतुकीत कांती!

३ मे
परवानगी मिळाली. सर म्हणाले, "ट्यूब तुम्ही सांभाळलीत, पाकीटही तुम्हीच उघडा."

३ मे, थोड्या वेळाने
माझं नाव नाही.

ती खिडकीजवळच्या टेबलावरून विचारतेय, "ताई, उघडलंत का? कोण हो बिचारी?" वर बघावं लागू नये म्हणून मी लिहीत बसले आहे.