मंगळवारच्या वाकळा

मी, शकुबाई वारलू मांढरे, वय एकाहत्तर, धंदा आजवर मासोळी विकण्याचा, राहणार मौजा डोंगरबोडी, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकेल असं माणूस या घरात कधी टिकलंच नाही. मी सातवी पास आहे. लेखनिकाकडे दिलं असतं तर त्याने मला चांगली बाई करून टाकलं असतं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. दीर इसरू यास माझ्या नवऱ्याचं फाटकं जाळं द्यावं. चांगलं जाळं त्याने तेरवीच्या दिवशीच नेलं आहे. आम्ही बाया परदेशातल्या लेकरांसाठी वाकळा शिवायला बसलो, तेव्हा हाच माणूस ओसरीसमोर उभा राहून म्हणाला होता, "घरच्या लेकरायच्या अंगावर धड कापड नाई, अन् ह्या बाया परदेशातल्या पोरायले पांघरून राह्यल्या." पुढे त्याच्याच नातीची सोयरीक रक्ताचं कार्ड पाहून जुळली आणि आज तिच्या मांडीवर धडधाकट लेकरू आहे. त्याने जाळं सांधत बसावं आणि तोंड मिटावं.

कलम २. वाकळांचं कसं झालं ते लिहिणं भाग आहे. माझा भाचा प्रणित घुग्घुसहून टांझानियातल्या सिमेंट कारखान्यात नोकरीला गेला. तिथे डोंगराळ भागात आजारी लेकरांची एक संस्था आहे. त्या लेकरांना थंडी बाधते, म्हणून सहा वर्षांखाली त्याने जुन्या लुगड्यांच्या वाकळा मागितल्या. मला त्या लेकरांचा कळवळा नव्हता. सून घालवून दिल्यापासून बाया माझ्या दारात येत नव्हत्या, आणि मला ओसरी भरलेली हवी होती. फोटो काढणार म्हटल्यावर आल्या. वरच्या मोहल्ल्यातल्या शेतकऱ्यांच्या आणि आमच्या ढिवर मोहल्ल्यातल्या बाया, ज्या बोअरवेलवर एकमेकींचे पाण्याचे गुंड लाथाडत, त्या एकाच वाकळेच्या दोन टोकांना बसल्या.

तिसऱ्या वर्षी प्रणितने संस्थेचं पत्रक मराठी करून पाठवलं. शेजारच्या गोकुळेने ते ओसरीवर मोठ्याने वाचलं. लेकरांचे हातपाय सुजतात, हाडं ठणकतात, रक्ताचा आजार आहे, त्याला सिकलसेल म्हणतात, आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय तो होत नाही. खाली सुजलेल्या बोटांच्या एका मुलीचा फोटो होता. गोकुळा थांबली. मग म्हणाली, "शकुबाई, हे तं आपल्या मयुरीचेच हात."

या आजारासाठी रक्त तपासणारे गावात दोनदा येऊन गेले होते. आम्ही दारं लावून घेतली होती, कारण नाव निघालं तर पोरींची लग्नं अडतील. टांझानियाच्या लेकरांची दया करायला सोपी होती, त्यात कुणाच्या पोरीचं लग्न अडत नव्हतं. त्या फोटोने मात्र सगळ्यांची झोप उडवली. पुढच्या आठवड्यात एकोणीस बाया एसटीने दवाखान्यात रक्त तपासून कार्ड घ्यायला गेल्या, मागून पुरुषही गेले. आज गावात या आजाराची दोन लेकरं आहेत. त्यांना दुखू लागलं की दोन्ही मोहल्ल्यांत पाणी तापतं आणि कुणाची तरी मोटारसायकल दवाखान्याकडे निघते. याचं श्रेय गाव मला देतं. ते परत घ्यावं.

कलम ३. मयुरी माझ्या मुलाची, निकेशची, मुलगी. चार वर्षांची होती. हाडं दुखून रडायची. मी नवस बोलले: पाच मंगळवार, उगवतीला, तलावाच्या पाण्याने अंघोळ. पौष महिना होता. दुसऱ्या मंगळवारी सून रंजीता माझे पाय धरून म्हणाली, "आई, पाणी जरासं तपवू द्या. पोरीचे हात सुजून राह्यले." मी म्हणाले, "नवसाचं पाणी तपवत नाई. तुह्याच घरून आली हे पीडा." निकेश तिथेच उभा होता आणि दोरीवरचा टॉवेल नीट करत होता. तिसऱ्या मंगळवारनंतर दोन दिवसांनी मयुरी गेली. महिन्याच्या आत रंजीतेला मी लेकरू खाणारी ठरवून एटापल्लीच्या एसटीत बसवलं.

पत्रकातली शेवटची ओळ अशी होती: या लेकरांना थंड पाण्याने अंघोळ घालू नये.

कलम ४. माझं कार्ड तांदळाच्या डब्यात तळाशी आहे. मी वाहक आहे, म्हणजे आजार मला होत नाही, पण माझ्या रक्तातून पुढे जातो. मेलेल्या नवऱ्यावर ढकलता आलं असतं, पण कार्डावर नाव माझं आहे. बायांना मी सांगितलं की माझं रक्त साफ निघालं. निकेशसाठी नंतर दोन स्थळं आली, ती मी कारण न सांगता मोडली. म्हातारीला सून नको, असं तो समजतो. त्याला हे कार्ड आणि ज्याने मयुरीवर पाणी ओतलं तो पितळी गुंड द्यावा. दुसरं काही देऊ नये. पुन्हा लग्न करण्याआधी त्याने स्वतःचं रक्त तपासावं.

कलम ५. राहतं घर, तलावाकाठची अर्धा एकर धानाची बांदी आणि पोस्टातली शिल्लक रंजीतेला मिळावी. ती एटापल्लीला आश्रमशाळेत स्वयंपाक करते. तिला इथे राहवणार नाही, तर विकावं. अट घालायचा मला हक्क नाही, पण सवय जात नाही: घर ठेवलं तर मंगळवारी ओसरी उघडी ठेवावी. पूर्वी आम्ही शनिवारी बसत असू. कार्ड आल्यावर मी मंगळवार केला. का, ते कुणी विचारलं नाही.

कलम ६. हे मृत्युपत्र मंगळवारी, ओसरीवर, सगळ्या बायांसमोर गोकुळेने वाचावं. निकेशला बसायला देऊ नये. कलम ३ दोनदा वाचावं. रंजीता आली नाही तर गोकुळेने एटापल्लीला जाऊन तिला ते ऐकवावं. माझ्या वतीने माफी मागू नये. तिने ती दिली, तर मला सोसणार नाही.

कलम ७. माझ्या देहाला तलावाच्या पाण्याने, त्याच गुंडाने, निकेशने अंघोळ घालावी. पाणी तापवू नये. उशाशी मयुरीच्या झबल्यांची वाकळ आहे; ती माझ्यावर न घालता पुढच्या गठ्ठ्यात टांझानियाला पाठवावी. कुणी दया येऊन चूल पेटवलीच, तर ते गरम पाणी त्या दोन लेकरांच्या घरी न्यावं.

साक्षीदारांना यातून काही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावलं. त्यांनी फक्त माझी सही होताना पाहिली. मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार १: गोकुळा खुशाल सातघरे (सही)
साक्षीदार २: भैयाजी लालसू नान्हे (सही)

लिहून देणार: शकुबाई वारलू मांढरे (सही)
ठिकाण: डोंगरबोडी
मंगळवार, दि. ७ जानेवारी २०२५, पौष